हौदावरची पिन

ड्रायव्हरकाकांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण डोळे अजून पहिल्या फेरीच्या वेळेलाच उघडायचे. उठायचं, दाढी करायची, इस्त्रीचा शर्ट चढवायचा आणि मग खुर्चीत बसून विचार करायचा, की आता जायचं कुठे. बायको म्हणायची, "अहो, डेपो बंद करा आता. डोक्यातला." ते नुसते हसायचे. उभं आयुष्य पाठीमागे माणसं आणि समोर काच अशा अवस्थेत गेलेलं. समोरासमोर बोलायची सवय लागणार कधी?

अशा माणसाला नकाशांचं वेड लागलं ते फुकटच्या पंख्यामुळे. उन्हाळ्यात घरी जीव नकोसा व्हायचा, म्हणून ते सार्वजनिक ग्रंथालयाच्या एका आतल्या खोलीत जाऊन बसू लागले. शहराच्या इतिहासाची पुस्तकं त्या खोलीत होती, आणि म्हणूनच तिथे कोणी फिरकायचं नाही. भिंतीवर शहराचा नकाशा टांगलेला. काका पंख्याखाली उभे राहून त्यावरून आपल्या जुन्या रूटवर बोट फिरवायचे, आणि वळण आलं की नकळत खांदा वळवायचे. ग्रंथपाल बाईंनी हे दोन-चारदा पाहिलं आणि एक दिवस त्या त्यांना कॉम्प्युटरसमोर घेऊन गेल्या.

त्यांनी जे सांगितलं ते असं. अभिलेखागारात, म्हणजे शहराची जुनी कागदपत्रं जिथे जपून ठेवतात तिथे, पत्र्याच्या नळ्यांमध्ये गुंडाळलेले शेकडो नकाशे होते. ते सगळे आता स्कॅन करून वेबसाइटवर टाकले आहेत. जगात कुठेही बसून कोणीही बघावेत. अडचण एवढीच, की जुना नकाशा जुन्या जागी आणि नवा नव्या. जुनी कुठली गल्ली आजच्या कुठल्या रस्त्याखाली गेली, ते मशीनला ठाऊक नाही. ते माणसाने सांगायचं. हा कोपरा म्हणजे तो कोपरा, असं म्हणून एक पिन जुन्या नकाशावर टोचायची आणि तीच पिन नव्यावर. पुरेशा पिना झाल्या की जुना नकाशा ताणला जातो आणि गादीवर चादर बसावी तसा नव्यावर बसतो.

"रस्ते पाठ असलेली माणसं हवीत आम्हाला, काका," बाई म्हणाल्या.

काकांनी सांगितलं की कॉम्प्युटरमधलं आपल्याला ओ की ठो कळत नाही. पण बाईंनी माउस त्यांच्या हाताखाली सरकवलाच. काकांनी तो उजवीकडे नेला, आणखी उजवीकडे नेला, टेबल संपलं तसे थांबले आणि पुढच्या सूचनेची वाट बघत राहिले. बाईंनी माउस उचलून पुन्हा मध्ये ठेवला. "रिव्हर्स घ्यायचा असेल तर असा उचलायचा," त्या म्हणाल्या. एवढं ड्रायव्हरच्या भाषेत सांगितल्यावर मग काका थांबले नाहीत.

पुलाचं तोंड झालं. तुरुंगाची भिंत झाली. पाण्याची टाकी, नदीचं वळण, जुन्या बाजाराची कमान. पडद्याच्या खाली एक सरकपट्टी होती. ती एका बाजूला ओढली की आजचं शहर दिसायचं, आणि हळूहळू दुसरीकडे नेली की आजचं विरत जाऊन खालून जुनं वर यायचं. काकांनी ती पहिल्यांदा ओढली. बँकेच्या खाली तबेला निघाला, सिनेमागृहाखाली भाजीचे वाफे, आणि खुद्द त्यांच्या डेपोखाली चक्क तळं. त्या दिवशी ते घरी जवळजवळ धावतच आले. इतकी वर्षं आपण तळ्यात बस उभी करत होतो, असं त्यांनी बायकोला धापा टाकत सांगितलं.

"म्हणूनच तुमची बस सारखी पाणी मागायची," बायको म्हणाली.

त्यांच्या लेकीने आपला जुना लॅपटॉप दिला आणि काका घरूनही पिना टोचू लागले. जेवायला हाक मारली तर "हे एवढं वळण घेतो आणि आलोच" म्हणायचे. बायको करवादायची खरी, पण त्यांच्या खुर्चीमागून जाताना तिची पावलं जरा रेंगाळायची.

शहराची दक्षिण बाजू शिल्लक राहिली होती. तिथल्या जुन्या नकाशावर नुसती शेतं, दोन-चार भिंती, एक बारीक गोल आणि त्याच्याशेजारी लिहिलेलं 'भट्टी'. आज ओळखता येईल असं काहीच नव्हतं, एक खूण सोडली तर. गाडीच्या घोड्यांना पाणी पाजायचा दगडी हौद. तो बघताच काका खूश झाले. तो हौद आजही होता, पोस्टासमोर. घोडे गेले, नगरपालिकेने त्यात माती भरून फुलझाडं लावली, पण हौद होता. तीस वर्षं काकांनी त्याच हौदापाशी बस उजवीकडे वळवली होती. त्यांनी पिन उचलली.

बाईंनी मागून विचारलं, "तो पहिल्यापासून त्याच जागी आहे ना? अशा वस्तू हलवतात कधीकधी."

"बाई, दगडाचा आहे तो. हौद काय चालत जाणार आहे?"

बाई हसल्या. काउंटरवर लोक खोळंबले होते, त्या तिकडे गेल्या. काकांनी पिन टोचली, आणि नकाशाखाली बारीक अक्षरांत त्यांचं नाव उमटलं. नकाशा जोडणारे: अमुक अमुक. बसवर कधी ड्रायव्हरचं नाव लिहितात का? आपल्या कामाखाली आपलं नाव ते आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते.

काही महिन्यांनी ग्रंथालयात एक तरुण मुलगी त्यांना शोधत आली. विद्यापीठात संशोधन करणारी. पाठीला पिशवी, पिशवीला चिकटलेला चिखल, आणि बोलणं असं की एक वाक्य संपायच्या आत दुसरं त्याच्या पाठीवर बसायचं. संग्रहालयात हिरव्या काचेच्या काही जाड बुडाच्या बाटल्या होत्या. त्या बाहेरून जहाजाने आल्या, असं सगळी पुस्तकं सांगायची. हिला वाटायचं, त्या इथेच बनत होत्या. एका ग्रंथालयाच्या वेबसाइटवर तिला काचेच्या व्यापाऱ्याची जाहिरात सापडली, दुसऱ्या देशातल्या संग्रहात एका प्रवाशाने काढलेलं धुराड्याचं चित्र मिळालं, आणि मग काकांनी जोडलेल्या नकाशावर ती 'भट्टी'. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला लोक नावं ठेवतात, पण या पोरीने खुर्चीतून न उठता तीन गावांच्या शेळ्या एका जागी आणल्या होत्या.

आता उरलं होतं ते खुर्चीतून उठून करायचं काम. नकाशाप्रमाणे भट्टीची जागा मुलींच्या शाळेमागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये येत होती, आणि तिथे इमारत उठणार होती. मालकाने मोठ्या मनाने गुरुवार आणि शुक्रवार दिले होते. शनिवारी पायाचं काँक्रीट. भट्टी सापडली तर बाटल्या इथल्याच हे ठरणार, नाहीतर ती कायमची पायाखाली जाणार आणि पोरीची सगळी वर्षं तिच्याबरोबर.

"तुमच्या पिनेवर माझा सगळा भरवसा आहे, काका," ती म्हणाली.

काका गुरुवारी नवा शर्ट घालून गेले. डेपोतले दोन जुने सोबतीही गंमत बघायला आले होते. मुलीने फोनवर नकाशा उघडला, जागा धरली, खुंटी ठोकली, आणि खणायला सुरुवात झाली. पिवळी माती निघाली. मग आणखी पिवळी माती. मुलगी खड्ड्यात उतरून ब्रशने माती झाडत होती, मुठीत घेऊन चुरत होती, पुन्हा टाकत होती. दुपारपर्यंत खड्डा कमरेएवढा झाला. त्यात एक गांडूळ सापडलं.

"स्टॉप चुकला वाटतं, मालक," एक सोबती म्हणाला आणि दोघं जेवायला निघून गेले.

संध्याकाळी मजुरांनी हत्यारं धुतली. मुलगी खड्ड्याच्या काठावर बसली होती. काका जवळ गेले तर तीच त्यांची समजूत घालू लागली. नकाशा काढणाऱ्याचाच हात चुकला असेल, किंवा तिनेच फार आशा धरली असेल. काकांना एका शब्दाने बोल लावला नाही तिने. लावला असता तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं.

ते पायीच परतले. पोस्टासमोर हौद आला आणि ते थांबले. इतकी वर्षं त्यांनी तो बसच्या उंच सीटवरून पाहिला होता, वळता वळता. असं शेजारी उभं राहून कधीच नाही. हौद पोस्टाच्या भिंतीला खेटून होता. त्यांनी वाकून मागची फट पाहिली. घाण पाणी सोडायचं भोक त्या बाजूला होतं, थेट भिंतीकडे.

काका तसेच वाकून राहिले. कोण शहाणा घोड्यांचं सांडपाणी पोस्टात सोडेल?

हौद चालत आला होता.

ग्रंथालय बंद व्हायच्या बेतात होतं. बाई पिशवी खांद्याला लावून दिवे मालवत होत्या. काकांनी एका दमात सगळं सांगितलं: भोक, भिंत, खड्डा, गांडूळ. त्यांना इतकं सलग बोलताना बाईंनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी कपाळाला हात लावला नाही, की मी विचारलं होतं म्हणाल्या नाहीत. एका चिठ्ठीवर वेबसाइटचा पत्ता लिहून दिला. कितीतरी देशांतल्या ग्रंथालयांनी आपापले जुने फोटो एकत्र शोधता येतील अशी सोय केली होती. दार चोवीस तास उघडं.

"एक करा, काका. हौद शोधू नका. हौदाचा फोटो कोणी काढत नाही. हौदापाशी काय चाललंय त्याचा काढतात. घोडे शोधा."

घरी आल्याबरोबर काका लॅपटॉपपुढे बसले. बायकोने त्यांचा चेहरा पाहिला, काही न विचारता खुर्ची ओढली आणि शेजारी बसली. शहराचं नाव घातलं आणि पुढे 'घोडे'. घोडेच घोडे आले. लग्नाचे घोडे, पोलिसांचे घोडे, शर्यतीचे घोडे, एक लाकडी घोडा. काका एकेक उघडत होते, बायको "पुढे, पुढे" म्हणत होती. दूरदेशीच्या एका ग्रंथालयातला अल्बम आला. कोणी डॉक्टरीणबाई कधीकाळी इथे काम करून गेली होती, तिने काढलेले फोटो. एकाखाली नुसतं लिहिलं होतं: घोडे, दुपारची वेळ. दोन मरतुकडे घोडे मान घालून पाणी पीत होते. मागे कुठलीशी इमारत. काकांनी पुढे जायला बोट टेकवलं.

"थांबा. अहो थांबा, मागे जा." बायकोने त्यांचा हातच धरला. "ही माझी पायरी आहे."

काकांना कळेना. तिने पडद्यावर बोट ठेवलं. घोड्यांच्या मागे दगडी पायऱ्या होत्या, आणि तिसऱ्या पायरीचा टवका उडाला होता, कोणी चावा घेतल्यासारखा. तीच मुलींची शाळा. ती शाळेत असताना रोज दुपारी डबा घेऊन त्या टवक्याशेजारी बसायची, कारण तिथे दुसऱ्या कोणाला बसायला आवडायचं नाही आणि जागा हमखास मिळायची. टवका अजून तसाच होता. काही वर्षांपूर्वी तिने नातीला नेऊन दाखवलाही होता.

काकांनी चित्र मोठं केलं. हौदाच्या कडेला तेच भोक. त्यातून पाण्याची धार निघून रस्त्याच्या गटारात चालली होती, जशी जायला हवी तशी.

म्हणजे हौद आधी शाळेच्या पायऱ्यांसमोर होता. पुढे कधीतरी रस्ता रुंद केला असणार आणि तो उचलून पलीकडे पोस्टापाशी ठेवला असणार. नकाशा शाळा बांधायच्याही आधीचा, म्हणून त्यावर शाळा नव्हती. पण या फोटोत शाळाही होती आणि हौदही.

"काखेत कळसा," बायको म्हणाली, "आणि वळसा कुठे कुठे घातलात. घरातल्या बाईला विचारलं असतं तर?"

"तुला माहीत होतं हौद हलवला ते?"

"ते नव्हतं माहीत. पण पायरी माहीत होती ना."

काकांनी नकाशा उघडला. पोस्टासमोरची पिन धरली, उचलली, शाळेच्या तिसऱ्या पायरीसमोर आणून सोडली. क्षणभर काहीच झालं नाही. मग दक्षिणेकडचा सगळा जुना नकाशा जागचा हलला. शेतं सरकली, भिंती सरकल्या, आणि 'भट्टी' लिहिलेला तो बारीक गोल प्लॉटच्या एका कोपऱ्यातून निघाला आणि समोरच्या कोपऱ्यात जाऊन बसला. मग बायको म्हणाली, फोन करा त्या पोरीला, तिने जेवणही घेतलं नसेल.

मुलीने फोन उचलला. सगळं ऐकून ती हळूच म्हणाली, "काका, त्या कोपऱ्यात सिमेंटची शेड आहे."

शुक्रवारी सकाळी काका, काखेत लॅपटॉप आणि बरोबर बायको, असे तिघं प्लॉटवर हजर झाले. मुलगी आधीच मुकादमाशी बोलत होती, म्हणजे मुकादम बोलत होता आणि ती ऐकत होती. शेडमध्ये सिमेंटच्या गोण्या छतापर्यंत रचल्या होत्या. काल इकडे खणलं, आज तिकडे खणणार, उद्या म्हणाल माझ्या खाटेखाली खणायचंय, असं त्याचं चाललं होतं. मालकाचा निरोप होता, शेडला हात लावायचा नाही.

काकांना वाद घालता येत नसे. त्यांनी एका गोणीवर लॅपटॉप ठेवला, नकाशा उघडला आणि मुकादमाला म्हणाले, "ही पट्टी ओढून बघा." मुकादमाने नाइलाजाने बोट लावलं. आजचं शहर विरलं, जुनं वर आलं. त्याने पुन्हा आजचं आणलं. पुन्हा जुनं.

"माझं घर कुठंय यात?"

काकांनी विचारलं, कुठल्या स्टॉपला उतरता? त्याने सांगितलं. ती गल्ली काकांना तोंडपाठ होती. त्यांनी नकाशा तिथे नेला. मुकादमाने पट्टी ओढली आणि त्याच्या घराखाली एक गोल विहीर निघाली.

मुकादम वाकून बघतच राहिला. मग तो सावकाश म्हणाला, "म्हणून त्या भिंतीला ओल येते होय. रंगवून रंगवून थकलो आम्ही." त्याने मान वर करून मजुरांना हाक मारली आणि गोण्या हलवायला सांगितल्या. मालकाने विचारलं तर उंदीर झाले होते म्हणून सांगू, म्हणाला.

गोण्या हलल्या. काकाही लागले, पण बायकोने त्यांना दटावून बाजूला बसवलं आणि स्वतः मात्र पत्रे धरायला गेली. शेडची जमीन मोकळी झाली, पहिलं फावडं पडलं. पिवळी माती. दुसरं फावडं, तिसरं. पिवळीच. मुलगी गुडघ्यांवर बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. मग एका फावड्याचा आवाज बदलला.

माती लाल निघाली, भाजलेली. तिच्याखाली काळी. मुलीने सगळ्यांना थांबवलं आणि हातात ब्रश घेतला. ती इतकी हळू झाडत होती की मुकादमालाच धीर धरवेना. तो चार वेळा वाकला आणि चार वेळा तिने त्याला मागे सारलं. विटांची कड दिसू लागली. सरळ नव्हती, वळत गेली होती, गोल. आणि त्या गोलाच्या आत राखेत रुतलेला मुठीएवढा गोळा. मुलीने तो पाण्यात बुचकळून वर धरला. ऊन त्यातून आरपार गेलं आणि तिच्या मनगटावर हिरवा डाग पडला. बाटल्यांचाच हिरवा.

तिने तो गोळा काकांच्या हातात दिला आणि पदराला पुसावं तसं काकूंच्या खांद्यावर तोंड पुसून घेतलं. काकूंनीही पुसू दिलं.

मालकाला फोन केला तो मुकादमानेच. काँक्रीट पुढे ढकला, शेठ, आपल्या जागेत इतिहास निघालाय, असं तो असं काही म्हणाला की भट्टी त्यानेच पुरून ठेवली होती. मालक आधी तापला, मग स्वतः बघायला आला, आणि बऱ्याच बोलाचालीनंतर मोजमापं घेऊन होईपर्यंत तो कोपरा सोडायला कबूल झाला. पुढचं पुढे. डेपोतले सोबतीही बातमी ऐकून परत आले होते. ज्याने स्टॉप चुकल्याचा टोमणा मारला होता, तो आता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता की हा आमच्या डेपोचा माणूस.

संध्याकाळी काकांना आठवलं, की पिन हलवली खरी, पण वेबसाइटने एक चौकोन पुढे केला होता तो रिकामाच सोडलाय. 'बदलाचं कारण.' त्यांनी आधी ग्रंथपाल बाईंना फोन करून विचारलं, जुनी चुकीची पिन पुसून टाकता येईल का. बाई म्हणाल्या, नाही. कोणी काय जोडलं आणि का बदललं, ते सगळं तिथे राहतं. पुढच्या शोधणाऱ्याला तेही लागतं.

काका बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत होते. अपघाताचा रिपोर्ट सोडला तर त्यांनी असं काही कधी लिहिलं नव्हतं. मग एका बोटाने एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं: 'हौद पूर्वी मुलींच्या शाळेच्या पायऱ्यांसमोर होता, नंतर पोस्टापाशी हलवला. सोबतचा फोटो पाहावा. आधीची पिन माझीच होती. हौद हलत नाही असं मी धरून चाललो.'

बायको खांद्यावरून वाचत होती. "आणि पायरी कोणी ओळखली?"

काकांनी पुन्हा बोट उचललं. 'पायरी ओळखली:' असं लिहून पुढे त्यांनी तिचं नाव घातलं, माहेरचं आणि सासरचं दोन्ही, आणि बटण दाबलं. नकाशाखाली बारीक अक्षरांत दोघांची नावं एकाखाली एक उमटली. बायकोने चष्मा लावून ती वाचली, मग चष्मा काढून पुसून पुन्हा वाचली.

"थोडं मोठं करता येत नाही का हो?" ती म्हणाली.